हनुवटीएवढं कुंपण

आमच्या मादावास्का खोऱ्यात कुंपण किती उंच असावं हे जनावर ठरवायचं. मेंढी असेल तर मांडीएवढं, गाय असेल तर कोपराएवढं आणि वळू असेल तर हनुवटीएवढं. ही मापं दोना मिशोची. दोनानं हयातीत टेप विकत घेतली नाही. "टेप हरवते," तो म्हणायचा, "हनुवटी हरवत नाही."

त्याच्या मुलाला, रोझेरला, धंदा बापाकडून मिळाला आणि मापंही. रोझेर चोवीस वर्षांचा झाला त्या वसंतात बापानं त्याला कोठाराच्या दाराला तोंड करून ताठ उभं केलं. दारावर, हनुवटीच्या पातळीला, चाकूनं खूण कोरली. मग शाळेतून मागून आणलेली मोजपट्टी लावून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर पाच फूट. देवानं तुला कुंपणांसाठीच घडवलाय."

त्यानंतर बावन्न वर्षं रोझेर खांब रोवत आला. या खोऱ्यात नदीकाठानं गाडी चालवत जा, देवदाराचं जे कुंपण करडं पडूनही सरळ उभं दिसेल ते त्याचं. माझ्या बटाट्याच्या शेताभोवती त्याचंच आहे. खांब वाहून न्यायला तो माझा ट्रॅक्टर घेतो, आणि ट्रॅक्टर जातो तिथं मीही जातो. म्हणून हे सारं मला ठाऊक.

बहुतेक कामं गाईंची, म्हणजे कोपराएवढी. त्यामुळे आमच्या माणसांना एक सवय लागली. आम्ही एकमेकांच्या घरात जेवायला जातो, बोलायला नाही. बोलायचं ते कुंपणाशी, अलीकडून एकानं कोपरं टेकायची, पलीकडून दुसऱ्यानं. लग्नं अशीच जमली, भांडणं अशीच मिटली. हनुवटीएवढी कुंपणं मात्र कमी होत गेली. जनावरांचा डॉक्टर वळूचं बीज नळीत घालून गाडीतून आणू लागला आणि वळू पाळायचं कोणाला कारण उरलं नाही. तीस वर्षं रोझेरच्या हनुवटीला काम नव्हतं.

ते काम एदमे बॉसेनं आणलं.

एदमेबाई आमच्या पोस्टात छत्तीस वर्षं होत्या. बुटक्या, चष्मा दोरीला, आणि कायदा म्हणजे कायदा. तिकीट एक सेंट कमी असेल तर सख्ख्या भावाचं पत्र परत पाठवतील अशी बाई. नवरा गेला, पोस्टातून निवृत्ती झाली. घर रोझेरच्या घराला लागून. रोझेरनं लग्न केलं नव्हतं. दोघांच्या मधे त्यानंच पूर्वी घातलेलं गाईचं कुंपण होतं, गाई मात्र दोघांकडेही नव्हत्या. रोज दुपारी चार वाजता दोघं तिथं येत. दोन कप चहा, चार कोपरं. पाऊस असला तर छत्री.

गांजा कायदेशीर झाला तो साऱ्या देशात एकदमच. पण त्याला वागवायचं कसं, हे प्रत्येक प्रांतानं आपल्या मनानं ठरवलं. आमचं गाव असं बसलंय की तीन सरकारं एका दुपारीत पाहून घ्यावीत. पश्चिमेला अर्ध्या तासावर क्वेबेक प्रांत. तिथं दुकानातून विकत घ्या, पण घरी एक रोप लावलं की दंड. नदीवरचा पूल ओलांडला की अमेरिकेचं मेन राज्य. एदमेबाईंची भाची कोरीन तिथं राहते. तिला तीन मोठी झाडं चालतात, पण प्रत्येकाला नाव आणि लायसनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधायची, गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखी. आणि तिच्याकडचं एक पानसुद्धा पुलावरून इकडं आणायचं नाही. आमच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात घरामागं चार झाडं. घरात ठेवली तर कुलूपबंद खोलीत. बाहेर लावली तर भोवती एक मीटर बावन्न सेंटीमीटरचं कुंपण, आणि त्यालाही कुलूप.

हे सारं एदमेबाईंना पाठ होतं. सरकारी पत्रक त्यांनी फ्रेंचमध्येही आणलं होतं आणि इंग्रजीतही, आणि दोन्ही ओळीओळीनं ताडून पाहिलं होतं.

मे महिन्यात चर्चच्या तळघरात गावजेवण होतं. कुट्टूच्या पिठाचे जाळीदार प्लोय, धिरड्यांसारखे पण एकाच बाजूनं भाजलेले, वर लोणी. रोझेर पाचवा प्लोय गुंडाळत होता.

"रोझेर, मला एक कुंपण हवंय," एदमेबाई म्हणाल्या. "बारा फूट बाय बारा."

"म्हातारपणी मेंढ्या घेतेस की काय?"

"गांजा."

शेजारच्या टेबलावर पाद्रीबाबांचा काटा हवेतच राहिला.

"असं बघू नका हो फादर," एदमेबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं मी पार्सलं हुंगली. ज्याला वास यायचा ते बाजूला काढून पोलिसांना फोन केला. आता तेच सरकार म्हणतंय, लावा चार झाडं. मग मला एकदा बघायचंय, इतकी वर्षं मी कशाला भीत होते ते."

शहरातल्या कुंपणाच्या दुकानात कामाला असलेला एक जण पलीकडून म्हणाला, "बाई, प्लास्टिकचं तयार मिळतं आमच्याकडं. सरकारी मापात. म्हाताऱ्याला कशाला खांब उचलायला लावता?"

म्हातारा हा शब्द त्यानं वापरायला नको होता. रोझेरनं प्लोय खाली ठेवला, बोटं पुसली.

"एक मीटर बावन्न म्हणजे किती?"

"पाच फुटांना चार मिलिमीटर कमी," मी म्हणालो.

"म्हणजे वळूचं माप," रोझेर म्हणाला. "ऐका सगळ्यांनी. माझं कुंपण बोटभर जरी कमी भरलं, तर त्या दिवसापासून मी घण उचलणार नाही."

"म्हणजे माझी चार रोपं वळू?" एदमेबाईंनी विचारलं.

"सरकारला तरी तसंच वाटतंय."

सगळे हसले. पण शब्द दिला गेला होता, आणि तळघरात ऐंशी माणसं होती.

जूनमध्ये काम सुरू झालं. एदमेबाईंच्या अंगणात दिवसभर ऊन राहतं अशी जागा एकच, दोघांच्या मधल्या कुंपणालगतची. म्हणजे जिथं चार वाजता कोपरं टेकत तीच. ते दोघांनाही दिसत होतं. रोझेरनं आपल्याच हातानं ते बुटकं कुंपण बारा फूट उपसलं.

त्याचं काम बघत बसावं असं आहे. देवदाराची पट्टी उचलायची, अंगाशी उभी धरायची, हनुवटीखाली अंगठ्याच्या नखानं खूण करायची आणि तिथंच करवत लावायची. खांब, पट्ट्या, फाटक, सारं त्या एका नखानं. सोललेल्या देवदाराचा वास गल्लीभर पसरला होता. चौथी बाजू बंद करायची आली तेव्हा एदमेबाई आत उभ्या होत्या, तो बाहेर.

"आता दिसायची नाहीस तू," तो म्हणाला.

"आवाज तर येईल."

"तुझा आवाज क्वेबेकपर्यंत जातो."

पट्टी ठोकली गेली. मला का कोण जाणे, तो ठोका आवडला नाही.

रोपं लावायला एदमेबाईंनी चोवीस जून ठरवला, कारण तो क्वेबेकचा सणाचा दिवस आणि त्यांचा धाकटा भाऊ लुजेर तेव्हा इकडं यायचा होता. लुजेर देजेली गावात राहतो. त्यानं जन्मभर फरशा बसवल्या, आणि निवृत्त झाला तरी टेप कमरेला लटकलेलीच.

आला तो कुरकुरतच. "तुमची मजा आहे, ताई. चार झाडं! आमच्याकडं एक लावलं तरी सरकार डोळे वटारतं. तीच नदी, तीच माती, आणि आमच्या हाताला काय कुष्ठ झालंय?"

"राहायला ये इकडं."

"या कुंपणाच्या आड? तुरुंग वाटतोय हा." असं म्हणून त्यानं सवयीनं टेप काढली. वाईट हेतूनं नाही, मला वाटतं मत्सरानं. टेप खाली सोडली, वर धरली, चष्मा सरकवला.

"अठ्ठावन्न इंच."

"परत मोज," रोझेर म्हणाला.

"अठ्ठावन्न. तिकडंही अठ्ठावन्न. काम एकसारखं आहे हं, मानलं. पण दोन इंच कमी."

"तुझी टेप क्वेबेकची आहे."

"इंच सगळीकडं सारखाच असतो, रोझेर. गांजा नसतो."

कोणी हसलं नाही. रोझेर वळला आणि आपल्या कोठाराकडं चालू लागला. मी मागून गेलो. तो बापानं उभं केलं होतं तसाच दाराला तोंड करून उभा राहिला, टाचा जुळवून, पाठ ताठ करून. पाठ आता पूर्वीसारखी ताठ होत नव्हती. बावन्न वर्षांपूर्वीची खूण हनुवटीखाली नव्हती. ती त्याच्या ओठांवर आली होती.

तो तसाच उभा होता, बापाच्या खुणेला ओठ लावून.

मग म्हणाला, "बघ. बापानं तोंड बंद केलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घण आणि पहार माझ्या ट्रॅक्टरवर आणून ठेवली. "राहू दे तुझ्याकडं. शब्द दिला होता."

"काका, दोन इंचांचा तर प्रश्न आहे. वरून पट्टी मारू."

"शब्दाला ठिगळ लागत नाही," म्हणाला आणि घरात गेला.

तिकडं वरच्या कुलूपबंद खोलीत एदमेबाईंची चार रोपं कुंड्यांत दाटली होती. मुळं तळाच्या भोकांतून बाहेर आलेली, खालची पानं पिवळी. आमच्याकडं उन्हाळा पाहुण्यासारखा येतो, बूटही काढत नाही. त्या आठवड्यात रोपं जमिनीत गेली नाहीत तर सप्टेंबरच्या हिवाआधी पिकणार नाहीत, हे कोणत्याही बटाटेवाल्यानं सांगितलं असतं. मी सांगितलंही.

"लाव ना ताई," लुजेर म्हणाला. आपण काय करून बसलो हे आता त्याला कळलं होतं. चेहरा पडला होता. "दोन इंच कोण मोजायला येतंय?"

"मी मोजतेय," एदमेबाई म्हणाल्या.

चार वाजता त्या चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या. कुंपणाच्या उरलेल्या बुटक्या भागाशी उभ्या राहिल्या. पलीकडं कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी चहा तसाच कुंपणाच्या खांबावर ठेवला, चष्मा लावला आणि वळसा घालून रोझेरच्या कोठारात शिरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिथं त्याची पहार परत घे म्हणून विनवत होतो.

"रोझेर मिशो, कुंपण कोणाचं?"

"तुझं."

"मी घेतलं ताब्यात?"

"उभं आहे की तुझ्या अंगणात."

"उभं असणं वेगळं. पोचपावतीवर सही होईपर्यंत पार्सल पोचलेलं नसतं, ते वाटेत असतं. मी फाटकाला कुलूप लावलंय? नाही. मी कुलूप लावीन तेव्हा माझी सही. तोवर ते कुंपण कमी नाही भरलेलं. तोवर ते अर्धं आहे."

"हा पोस्टाचा कायदा झाला."

"मग तुझा कुठला? बापाचा? त्यात माणूस आटतो हे धरलंच नव्हतं त्यानं. मीही आटलेय. पूर्वी वरच्या कप्प्यातली पत्रं हातानं काढायचे, शेवटी शेवटी स्टूल लागायचं. म्हणून काय कोणाचं पत्र पोचलं नाही?"

रोझेर दाराकडं बघत होता.

"पट्टी नाही मारणार," तो म्हणाला शेवटी. "दिसते ती. लोक म्हणतील, इथं चुकला."

"मग दुसरं काही कर. तू कुंपणवाला आहेस, मी नाही."

लुजेर दारात येऊन उभा होता. "दुकानातून दोन इंची फळी आणतो मी. आडवी टाकली वरून की—"

"दुकानातली दोन इंची फळी दीड इंचच असते," रोझेर म्हणाला. आवाजात पहिल्यांदा जुनी धार आली. "फरशीवाल्या, तुला हेही माहीत नाही?"

मग त्यानं वर बघितलं. कोठाराच्या माळ्यावर देवदाराच्या सात फळ्या होत्या. प्रत्येक सात फूट लांब, दहा इंच रुंद, पुरत्या दोन इंच जाड. त्यानं स्वतः कापून घेतलेल्या, अकरा वर्षं सावलीत वाळवलेल्या. कशासाठी, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं एकटा म्हातारा माणूस आडवा मावेल अशा लांबीच्या फळ्या कशासाठी राखून ठेवतो, हे विचारायचं नसतं.

"सात साते एकोणपन्नास," तो पुटपुटला. "कुंपण अठ्ठेचाळीस फूट."

"त्या फळ्या?" मी म्हणालो.

"तिकडची घाई नाही मला. खाली घे."

शुक्रवारी आम्ही चौघं लागलो. लुजेरनं फळ्या धरल्या, टेप मात्र काढली नाही, कोणी सांगितलं नव्हतं तरी. रोझेरनं फळी पट्ट्यांच्या डोक्यावर आडवी ठेवली, कोपरे तिरके कापून असे जुळवले की नख जाणार नाही. फाटकावरचा तुकडा वेगळा, फाटकाबरोबर उघडणारा. दुपारपर्यंत चारही बाजूंना तो रुंद, गुळगुळीत कठडा बसला. ठिगळ दिसतच नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, आधीपासून असंच ठरलं होतं.

"आता काढ तुझं ते हत्यार," रोझेर लुजेरला म्हणाला.

लुजेरनं मोजलं. एकदा, दोनदा, चारही बाजूंनी. फाटकापाशी तर गुडघ्यावर बसून. मग उठला, आणि त्या कुरकुऱ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

"साठ. सगळीकडं साठ. पाच फूट."

"आणि चार मिलिमीटर माझ्याकडून सरकारला भेट," रोझेर म्हणाला.

एदमेबाईंनी रोपं आणली, आपल्या हातांनी एकेक. खड्डे मी खणले. लुजेरनं माती लोटली. चौथ्या रोपाची माती दाबताना म्हणाला, "आमच्याकडं असतं तर एवढ्यात गुन्हेगार झालो असतो मी." बोटांना लागलेली माती त्यानं बराच वेळ पुसली नाही. मग बाईंनी फाटक ओढलं, कडी घातली, पितळी कुलूप लावलं आणि किल्ली फिरवली.

"पोचलं," त्या म्हणाल्या.

मी पहार आणि घण खाली उतरवून रोझेरच्या पायाशी ठेवले. त्यानं ते उचलले.

फळीचा एक फूट उरला होता. त्याचं काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. चार वाजता रोझेर आपल्या घरातून निघाला. एका हातात चहा, दुसऱ्या हातात एक बुटकं स्टूल, नव्या देवदाराचं. कुंपणाशी ठेवलं, त्यावर चढला, कोपरं कठड्यावर टेकली. आत एदमेबाई पोस्टातल्या जुन्या लाकडी खोक्यावर उभ्या होत्या. दोघांची डोकी एका उंचीला आली. मधे दहा इंचांची फळी, दोन कप सहज मावतील अशी.

"स्टूल इथंच राहू दे की, रोज कुठं वाहणार?" मी विचारलं.

उत्तर एदमेबाईंनी दिलं. "बाहेरच्या बाजूला पायरी ठेवली तर कुंपण तेवढं बुटकं झालं. पाच फूट वजा एक. ते नाही चालायचं."

"ऐकलंस?" रोझेर म्हणाला. "पत्रकात कुठंही लिहिलेलं नाही हे."

"पत्रकात नाही. मी म्हणतेय."

म्हणून तो स्टूल रोज घेऊन येतो आणि रोज परत नेतो. पाच वाजता अंगणातून घराकडं जाणारा म्हातारा, काखेत स्टूल, हे आता आमच्या गावचं घड्याळ झालंय.

पीक सप्टेंबरअखेरीस निघालं, हिवाच्या दोन दिवस आधी. बाईंनी ते पोस्टाच्या जुन्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवलं. लुजेर आला, तेव्हा भावाबहिणीनं मागच्या पडवीत बसून एक विडी ओढली. बाई तीनदा खोकल्या, मग शेताकडं बघत राहिल्या.

"कसं काय?" लुजेरनं विचारलं.

"एवढ्यासाठी मी बिचाऱ्या सिमार्डच्या पोराचं पार्सल धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या त्याला पत्र लिहीन."

त्या हिवाळ्याआधी रोझेरला आणखी पाच कुंपणांची कामं आली. दोघांना गांजा लावायचा होता, तिघांना नाही. तिघांना नुसता तो कठडा हवा होता. रोझेरनं कोठाराच्या दारावरच्या खुणेपासून जमिनीपर्यंत एक देवदाराची काठी कापली आणि आता मापं तिच्यावर घेतो. पण पट्टी आधी अंगाशी धरतो, अजूनही. काठी लावायच्या आधी तिच्या वरच्या टोकाला ओठ टेकवून बघतो, जुळतंय का ते.